मुलांच्या हातातील खेळ आणि पालकांची देखरेख : एक आढावा

छत्तीसगडच्या दक्षिण भागात, कांकेर जिल्ह्यातील पखांजूर येथे राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या २०२१ च्या जून महिन्यात ध्यानात आले की, आपल्या बँकेच्या खात्यातून सुमारे तीन महिन्यांच्या अवधीत सव्वातीन लाखांच्या आसपास रक्कम आपल्या नकळत निघून गेली आहे. ऑनलाइन ठकबाजीचा संशय येऊन त्यांनी पोलिसांकडे तक्रार गुदरली. आणि तपासाअंती निष्पन्न झाले ते असे की, हे २७८ व्यवहार कोणा परक्या ठकाने नव्हे, तर त्यांच्याच बारा वर्षांच्या मुलाने ‘फ्री फायर’ नामक खेळातील शस्त्रे व सामग्री विकत घेण्यासाठी केले होते.

या प्रकरणाची वार्ता देशभर छापली गेली ती खेळाच्या वेडाची वार्ता म्हणून. मुलाचे वेड, पालकांचे दुर्लक्ष आणि मोबाईलचे दुष्परिणाम या तीन गोष्टींभोवतीच तेव्हाची बहुतेक चर्चा फिरत राहिली. बारा वर्षांच्या गिऱ्हाइकाला एकाच दुकानाने पावणेतीनशे वेळा माल विकावा आणि विक्रीच्या त्या यंत्रणेत कोठेही अडसर लागू नये, हे कसे, असा प्रश्न फार थोड्यांनी उपस्थित केला.

गेल्या दहा वर्षांत मुलांच्या डिजिटल खेळांविषयी वैद्यक, मानसशास्त्र, कायदा आणि बालसंगोपन अशा अनेक बाजूंनी विपुल लिहिले गेले आहे. त्यांपैकी कोणता पक्ष काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि सामान्य पालकाच्या हाती त्यातून काय लागते, याची शांतपणे मोजदाद करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हे सारे वाचून माझे एक मत बनले आहे, ते प्रारंभीच नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढील विवेचनात ते कोठे डोकावले तर वाचकाला ओळखता येईल : ज्या बाबींचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे त्या पैशाच्या व परक्या संपर्काच्या आहेत, आणि घरोघर ज्यावरून सर्वांत मोठा कलह चालतो ती तासांची बाब पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत अनिश्चित आहे.

पूर्वपीठिका

जेथून मी हे लिहीत आहे त्या रायपूरच्या मराठी वस्तीला नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासूनचा इतिहास आहे. तात्यापारा, बुढापारा अशा जुन्या मोहल्ल्यांतून आणि पुढे चौबे कॉलनीच्या परिसरात, जेथे १९३५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, तेथे वसलेल्या कुटुंबांतील मुले दोन भाषांबरोबर दोन प्रांतांचे खेळही सहजगत्या आत्मसात करीत आली. फुगडी दोहोंकडे सारखीच. आमचा विटीदांडू तो येथला गिल्ली-डंडा, आमच्या गोट्या त्या येथल्या बांटी. हरेलीच्या सणाला बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालण्याची मौज मात्र अस्सल छत्तीसगढी. २०२२ च्या ऑक्टोबरात राज्य शासनाने ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ भरवून यांपैकी अनेक खेळांना स्पर्धेचे रूप दिले. उपक्रम स्तुत्य होता, यात शंका नाही; तथापि एखाद्या खेळाचे संवर्धन शासनाला करावे लागते तेव्हा तो गल्लीतून बहुतांशी उठून गेलेला असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

तो उठून का गेला, याचे उत्तर केवळ मोबाईल असे देता येत नाही. मोकळ्या जागा बांधकामांनी व्यापल्या, रस्त्यांवर वाहने वाढली, शिकवण्यांनी संध्याकाळ घेतली, आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात दुपारी मुलांना बाहेर पाठवणे कधीच सोपे नव्हते. टी.व्ही.ला जोडावयाचे कॅसेटचे खेळ १९९० नंतर मध्यमवर्गीय घरांत आले आणि पाठोपाठ सायबर कॅफे निघाले; परंतु त्या दोहोंनाही खर्चाची व जागेची स्वाभाविक मर्यादा होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओच्या सेवेने डेटा अत्यंत स्वस्त केला आणि २०१८ साली ‘पबजी मोबाईल’ अवतरला, तेव्हा या दोन्ही मर्यादा एकदमच गळून पडल्या.

उरलेली एक मर्यादा, म्हणजे मोबाईल ही मोठ्यांची वस्तू आहे हा संकेत, टाळेबंदीने मोडली. ७ एप्रिल २०२० रोजी छत्तीसगड शासनाने ‘पढई तुंहर दुआर’ ही ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू केली. तत्कालीन निकड पाहता दुसरा उपाय दिसत नव्हता; पण ज्या यंत्राला हात लावू नकोस म्हणून आदल्या महिन्यापर्यंत ताकीद दिली जात होती, तेच यंत्र शाळा म्हणून मुलाच्या स्वाधीन करावे लागले, आणि ते परत घेण्याची वेळ आली तेव्हा पालकांजवळ कोणतेही पटण्याजोगे कारण उरले नव्हते. शैक्षणिक स्थितीचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या वयोगटातील सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोनचा अभ्यासासाठी काही ना काही उपयोग केल्याचे आढळले, तर समाजमाध्यमांसाठी उपयोग करणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्के भरले. अभ्यास आणि करमणूक यांचे साधन एकच झाल्यावर देखरेख कशावर ठेवावयाची, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

भीतीचा मागोवा

नव्या करमणुकीविषयीची धास्ती नवी नाही. १९२७-२८ साली रंगाचारियार समितीने सिनेमाच्या परिणामांविषयी देशभर फिरून साक्षी नोंदवल्या, तेव्हाही तरुण पिढीच्या नीतिमत्तेचा प्रश्न तिच्यापुढे होताच. आपल्या विषयापुरते बोलावयाचे तर २०१७ चे ‘ब्लू व्हेल’ प्रकरण सर्वांत बोधप्रद ठरते. त्या वर्षी मुंबईत एका शाळकरी मुलाच्या मृत्यूचा संबंध, मुलांना आत्मघाताकडे नेतो असे म्हटल्या जाणाऱ्या या तथाकथित खेळाशी जोडला गेला आणि पाहता पाहता देशभर घबराट पसरली. शाळांनी पत्रके काढली, शासनाने दुवे हटवण्याचे हुकूम दिले. पुढे केंद्राने नेमलेल्या समितीने अशा घटनांची छाननी केली. आणि २०१८ च्या जानेवारीत, चंद्रपूरचे तेव्हाचे खासदार व गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, त्यांपैकी एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. या उत्तराला मूळ अफवेच्या शतांशानेही प्रसिद्धी मिळाली नाही.

त्यानंतरची पाळी ‘पबजी’ची. २०१९ च्या जानेवारीत मुंबईतील एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात या खेळावर बंदी मागणारी याचिका दाखल केली. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी मनाई हुकूम मोडून हा खेळ खेळल्याबद्दल तरुणांना चक्क अटक केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने अन्य ११७ अ‍ॅपसह ‘पबजी मोबाईल’वर बंदी घातली, तेव्हा पुष्कळ पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो हुकूम देशाच्या सार्वभौमत्वाच्या व सुरक्षिततेच्या कारणास्तव निघाला होता, बालकल्याणाचा त्याच्याशी संबंध नव्हता. आणि दहा महिन्यांतच तो खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने परत आला. ‘फ्री फायर’चीही गत तशीच. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच्यावर बंदी आली आणि ‘फ्री फायर मॅक्स’ हे त्याचे भावंड चालूच राहिले.

वैद्यकाची भूमिका

पहिला पक्ष वैद्यकाचा. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या वर्गीकरणात इंटरनेटवरील खेळांच्या विकाराला स्थान दिले; मात्र ते मुख्य यादीत न देता अधिक अभ्यासास पात्र अशा परिशिष्टवजा विभागात दिले. जागतिक आरोग्य संघटनेने एक पाऊल पुढे टाकले. २०१९ च्या मे महिन्यात तिच्या महासभेने संमत केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला गेला. त्याची लक्षणे तीन : खेळण्यावरील ताबा सुटणे, जीवनातील अन्य बाबींपेक्षा खेळाला उत्तरोत्तर अधिक अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे. शिवाय ही अवस्था सामान्यतः किमान बारा महिने टिकलेली असावी आणि तिच्यामुळे घर, शिक्षण वा व्यवहार यांत लक्षणीय बिघाड झालेला असावा, अशी अट आहे. या व्याख्येत दिवसाकाठी किती तास, याचा उल्लेखच नाही, ही गोष्ट पालकांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. परीक्षेच्या सुटीत दिवसभर खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. त्याच्यापेक्षा कमी वेळ खेळणारा, पण वर्षभर शाळा, मित्र, जेवणखाण सोडून बसलेला मुलगा बसू शकतो.

तासांचे दंडक येतात ते बालरोगतज्ज्ञांकडून. भारतीय बालरोग अकादमीने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकाला, आप्तांशी व्हिडिओवरून बोलण्याचा अपवाद सोडता, पडदा दाखवूच नये. पाच वर्षांपर्यंत एक तासाची आणि दहा वर्षांपर्यंत दोन तासांची कमाल मर्यादा असावी. पुढील वयात मात्र ठरीव आकड्यापेक्षा झोप, व्यायाम व अभ्यास यांच्याशी मेळ पाहावा. प्रत्यक्ष स्थिती काय आहे, याविषयीचे एक महत्त्वाचे संकलन आपल्याच शहरातून आलेले आहे. रायपूरच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी २०२५ साली देशातील दहा अभ्यासांतून २,८५७ बालकांची माहिती एकत्र केली, तेव्हा पाच वर्षांखालील मुलांचा पडद्यापुढील सरासरी वेळ दिवसाला २.२ तास, म्हणजे सुचवलेल्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरला. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये तर तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा २०१४ पासून चालू आहे. या पक्षाचे बळ त्याच्या दवाखान्यात आहे : समोर आलेले मूल खरोखर त्रस्त असते आणि त्याला नाव असलेला आजार असल्यावाचून उपचाराची वाट मोकळी होत नाही.

संशयवाद्यांची बाजू

दुसरा पक्ष या नामकरणालाच हरकत घेतो. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रस्ताव मसुद्याच्या अवस्थेत असताना अनेक देशांतील सव्वीस अभ्यासकांनी एका खुल्या निबंधाद्वारे आपला विरोध नोंदवला. त्यांचे आक्षेप थोडक्यात असे : संशोधनाचा दर्जा निकृष्ट आहे, निकष जुगार व मादक द्रव्ये यांच्या निकषांवरून उसने घेतलेले आहेत, नैराश्य किंवा घरातील ताणामुळे मूल खेळाकडे पळते, तेव्हा आपण परिणामालाच कारण समजतो, आणि या शिक्क्यामुळे कोट्यवधी निरोगी मुलांकडे रोगी म्हणून पाहिले जाईल. दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञांनी त्याला सविस्तर उत्तरे दिली आणि हा विवाद अद्याप मिटलेला नाही.

ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम या संदर्भात वारंवार उद्धृत होते. इंग्लंडमधील पंधरा वर्षे वयाच्या १ लाख २० हजारांहून अधिक मुलांच्या उत्तरांवर आधारलेल्या २०१७ च्या त्यांच्या निबंधात मध्यम वापर निरुपद्रवी आढळला आणि अतिवापराचा अनिष्ट परिणामही आकाराने लहान दिसला. पुढे त्यांनी खेळणाऱ्यांच्या तोंडी सांगण्यावर विसंबण्याऐवजी कंपन्यांच्या दप्तरातील प्रत्यक्ष वेळेच्या नोंदी मिळवल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात सात खेळ व सुमारे ३९ हजार खेळाडू होते, आणि खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर जवळजवळ काहीच परिणाम दिसून आला नाही. येथे थोडे थांबणे इष्ट आहे. हा शेवटचा अभ्यास प्रौढांचा आहे. तो हातात धरून दहा वर्षांच्या मुलाला मुभा देणारा पालक आणि रुग्णालयातील अत्यवस्थ मुलांची वर्णने वाचून पंधरा वर्षांच्या चांगल्या खेळणाऱ्या मुलीला धाक घालणारा पालक, हे दोघेही पुराव्याचा सारखाच दुरुपयोग करीत असतात. तसेच समाजमाध्यमे व किशोरवयीनांचे नैराश्य याविषयी जोनाथन हाइट यांच्या २०२४ च्या ग्रंथाने उठवलेले वादळ प्रस्तुत विषयाशी सरसकट जोडले जाते. पण खेळ ही त्या ग्रंथाची मध्यवर्ती बाब नव्हे.

राजाज्ञेचा मार्ग

घराला न झेपणारी गोष्ट राज्याने करावी, हा तिसरा विचार पूर्व आशियात सर्वांत दूरवर गेला. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुले आईबापांच्या ओळख क्रमांकावर खेळू लागली, दरम्यान सारा खेळच संगणकावरून मोबाईलवर गेला, आणि दहा वर्षांनी तो कायदा रद्दबातल झाला. चीनने २०१९ मध्ये सुटीचे दिवस वगळता रोज दीड तासाची मर्यादा घातली आणि २०२१ च्या ऑगस्टअखेर ती शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ इतकी आवळली. यांपैकी २०१९ च्या निर्बंधाचा परिणाम अब्जावधी तासांच्या नोंदींवरून तपासणाऱ्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, अतिरेकी खेळणे कमी झाल्याचा विश्वसनीय पुरावा मिळाला नाही. त्या नोंदीत अल्पवयीन व प्रौढ वेगळे काढता येत नव्हते, ही त्याची उणीव संशोधकांनीच मान्य केलेली आहे.

भारतात ही जबाबदारी प्रथम कंपनीनेच स्वतःकडे घेतली, असे म्हणता येईल. ‘बॅटलग्राउंड्स’ने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील खेळाडूस पालकांची संमती, दिवसाला तीन तासांची वेळमर्यादा आणि दिवसाला सात हजार रुपयांची खर्चमर्यादा लागू केली. वेळेच्या मर्यादेची वाखाणणी झाली. सात हजारांच्या आकड्यावर मात्र कोणी फारसे अडखळले नाही. रायपुरातील किती घरांत शाळकरी मुलाने एका दिवसात सात हजार उडवणे हे मर्यादित खर्चात जमा होईल, याचा हिशेब वाचकानेच करावा.

घरातील देखरेख

लंडनच्या सोनिया लिव्हिंगस्टन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पालकांच्या देखरेखीचे स्वरूपच संशोधनाचा विषय केले. आठ युरोपीय देशांतील पालकांच्या पाहणीवरून २०१७ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, निर्बंधप्रधान देखरेखीने मुलांसमोरील धोके कमी होतात, परंतु त्याबरोबर शिकण्याच्या संधीही कमी होतात. आणि संवाद, सहभाग व तांत्रिक सोय यांवर भर देणाऱ्या देखरेखीने संधी वाढतात, पण धोकेही काहीसे वाढतात. एक असा मार्ग सापडेल की ज्यात केवळ लाभच लाभ, ही पालकांची अपेक्षा या निष्कर्षाने पुरी होत नाही. मूल लहान, अविचारी किंवा नुकतेच काही दुखावलेले असेल तर निर्बंधाकडे झुकावे. ते मोठे व विश्वासू असेल तर दुसरीकडे. एवढेच तारतम्य त्यातून हाती येते, आणि ते कमी नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात निम्मी भांडणे खेळाची रचना ठाऊक नसल्यामुळे होतात, असे माझे निरीक्षण आहे. ‘बॅटलग्राउंड्स’चा मोठा सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, तो मध्येच थांबवण्याची सोय नसते, आणि चौघांच्या स्क्वाडमधून एकजण उठला तर उरलेल्या तिघांचे नुकसान होते. “आठ वाजता फोन ठेव” ही आज्ञा अशा सामन्याच्या ऐन मध्यावर येते, तेव्हा मुलाला ती अन्यायाची वाटते, आणि त्याच्या मित्रांच्या दृष्टीने ती तशी असतेही. “हा सामना झाला की ठेव, नवा सुरू करू नकोस” असा नियम पाळणे दोघांनाही सोपे जाते. पण हे कळण्यासाठी आईने वा बाबांनी निदान एक सामना शेजारी बसून पाहिलेला असावा लागतो. पुष्कळ घरांत आजोबांबरोबर ‘लुडो किंग’ खेळणारे नातवंड आढळते. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ साली काढलेल्या त्या खेळाने टाळेबंदीत तीन पिढ्या एका पडद्यावर आणल्या, आणि सहभागाची देखरेख म्हणजे काय, हे कोणत्याही निबंधाशिवाय दाखवून दिले.

घराऐवजी गाव हे एकक मानणारा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी ग्रामसभेच्या संमतीने असे ठरले की, रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच सर्वांनी दीड तास टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवावेत. मुलांनी अभ्यास, वाचन करावे. यातील खुबी अशी की, मुलाला ‘मलाच का’ असे विचारण्यास जागा राहत नाही, कारण मोठ्यांचाही फोन बंद असतो आणि मित्रही खेळत नसतात. पण भोंगा ऐकू येईल एवढे लहान, परस्परांना ओळखणारे गाव ही त्याची पूर्वअट आहे. रायपूरच्या बहुमजली वसाहतीत तो नमुना जसाच्या तसा उतरवता येणार नाही, आणि चुलता-मावशीच्या मुलांबरोबर ऑनलाइन खेळणाऱ्या, प्रांतोप्रांती विखुरलेल्या मराठी कुटुंबांना तो कितपत हवासा वाटेल, हेही सांगवत नाही.

पैशाचा प्रश्न

आता ज्या बाबीपासून आरंभ केला तिच्याकडे वळतो. आजचे बहुतेक लोकप्रिय खेळ फुकट मिळतात. कमाई होते ती आतील विक्रीवर. स्किन वगैरे नावांनी जे विकले जाते त्याची किंमत रुपयांत थेट न दाखवता डायमंड, यूसी अशा खेळातल्या चलनात दाखवतात, त्यामुळे खर्चाची जाणीव बोथट होते. ‘आजच्या पुरती’ सवलत, अपुरा राहणारा संच, आणि काय निघेल याचा भरवसा नसलेली पेटी या तीन युक्त्या त्यावर रचलेल्या असतात. शेवटची, लूट बॉक्स म्हणून ओळखली जाणारी पेटी तर २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकाने सरळ जुगारात काढली. या रचनांचा आणि जुगाराच्या सवयीचा परस्परसंबंध अनेक अभ्यासांत सातत्याने दिसला आहे; कोणामुळे कोण, हे अद्याप सिद्ध नाही.

छत्तीसगडच्या वाचकाला जुगाराचा उल्लेख परका वाटणार नाही. भिलाईशी धागे जुळलेल्या ‘महादेव’ सट्टा-अ‍ॅपच्या प्रकरणाने येथील राजकारण ढवळून निघाले, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने त्यासह बावीस अ‍ॅप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. राज्याने तत्पूर्वीच जुगार प्रतिबंध अधिनियम, २०२२ करून ऑनलाइन जुगारास कडक शिक्षा ठेवली. त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना भेद बाजूस सारून, पैसे लावून पैसे जिंकण्याचे सर्वच ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले, आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना उत्तेजनार्थ वेगळे काढले. कायद्याच्या वैधतेस आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या आहेत.

हा कायदा वाचून पुष्कळ पालकांची अशी समजूत झाली की, आता मुलांच्या खेळातील पैशाचा प्रश्न मिटला. तसे नाही. निषेध आहे तो बक्षिसाच्या आशेने पैसा लावण्याचा. केवळ सजावट वा सामर्थ्य विकत घेऊन ते परत पैशात न बदलणारी खरेदी त्याच्या कक्षेत सरळ येत नाही. पखांजूरचे २७८ व्यवहार आज झाले असते तरी बहुधा याच कारणाने ते त्या कायद्याच्या बाहेर राहिले असते. जुन्या करार कायद्याचा आधार घ्यावा, तर अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९०३ च्या मोहोरीबीबी खटल्यात निर्विवाद केले आहे; पण खाते आईचे, फोन आईचा आणि पासवर्डही आईचाच असेल, तर व्यवहार अज्ञानाने केला हे दाखवण्याचा भार तिच्यावर येतो, आणि बँकेच्या दृष्टीने गुप्त तपशील घरातच उघड झाल्यामुळे ती जबाबदारी खातेदाराची ठरण्याचा संभव असतो. परताव्यासाठी गूगल प्लेकडे पहिल्या ४८ तासांत अर्ज करणे तुलनेने सोपे, नंतर खेळाच्या निर्मात्याकडे तगादा लावावा लागतो.

म्हणून तज्ज्ञांच्या सर्व पक्षांचे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत आहे त्या येथल्याच आहेत. खरेदीच्या प्रत्येक वेळी पिन मागितला जाईल अशी व्यवस्था करावी. कार्ड खेळाच्या खात्यात साठवू नये. यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक असू नये. बँकेच्या संदेशांची सूचना बंद करू नये व मुलाला ते पुसण्याची मुभा असू नये. खर्च करू द्यावयाचाच असेल तर त्याच्या खाऊच्या पैशांतून, ठरवून आणि उघडपणे. पैसा गेलाच तर ठकबाजीच्या संशयापोटी सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे, पण त्याआधी मुलाला न रागावता विचारावे. कारण तक्रार गुदरल्यावर आरोपी घरातच निघाला तर त्याची लाज त्या मुलाला दीर्घकाळ वागवावी लागते.

परका आवाज

संपर्काच्या धोक्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण मतभेद कमी आहेत. खेळातील बोलण्याच्या सोयीतून अनोळखी प्रौढ मुलांपर्यंत पोहोचतात, हे नाकारणारा कोणी अभ्यासक नाही, आणि ‘रोब्लॉक्स’सारख्या मुलांमध्येच लोकप्रिय असलेल्या मंचाला २०२४ च्या नोव्हेंबरात तेरा वर्षांखालील मुलांचे खेळाबाहेरील थेट संदेश बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला, यातच सर्व आले. फुकट डायमंडचे आमिष, छायाचित्राची मागणी, संभाषण दुसऱ्या अ‍ॅपवर नेण्याचा आग्रह या तीन खुणा मुलाला नावानिशी सांगून ठेवाव्यात. खेळ बंद करण्याच्या भीतीने मुले असले प्रकार लपवतात. तेव्हा “सांगितलेस तर फोन काढून घेणार नाही” हे वचन आधी देणे व ते पाळणे, यावर देखरेखीचा हा भाग अवलंबून आहे. मुलाचे मन बिघडले असे वाटले तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे.

अनिर्णित बाबी

आवडीचा शेवट कोठे होतो आणि विकार कोठे सुरू होतो, ही सीमा अद्याप कोणी खात्रीने आखलेली नाही. भारतीय मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे अभ्यास विरळ आहेत. जे आहेत ते बहुधा एकदाच विचारलेल्या प्रश्नावलींचे, आणि त्यात मुलाचे तास आई सांगते. मुली काय खेळतात व त्यांना कोण छळते, हा विषय तर अजून पुरता उघडलेला नाही. ई-स्पोर्ट्सला कायद्याने प्रतिष्ठा दिल्यावर चौदा वर्षांच्या मुलाने ‘हाच माझा सराव’ म्हणून पाच तास मागितले, तर त्याला क्रिकेटच्या सरावाचा न्याय लावावा की नाही, यावरही मतैक्य नाही. क्रिकेटच्या सरावात निदान पाय हलतात, एवढे म्हणून मी तो प्रश्न सोडतो.

सर्वांत निकटचा पेच मात्र कायद्याच्या अंमलबजावणीचा आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले, त्याच्या माहितीवरील प्रक्रियेपूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि मुख्य तरतुदी लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७ च्या मध्यापर्यंत हे सारे प्रत्यक्षात यावयाचे. सतरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी यांना एकच नियम असावा का, हा त्यावरील एक आक्षेप. दुसरा अधिक व्यावहारिक आहे : ही रचना प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते आणि आपले वय खरे सांगणारा वापरकर्ता गृहीत धरते; पण आमच्याकडे आईवडील कचेरीत, मूल आजीच्या फोनवर, फोनवरचे खाते काकांनी कधीतरी उघडून दिलेले, आणि जन्मवर्ष १९५२. त्या खात्याकडे कोणतीही कंपनी कोणाचीही संमती मागणार नाही, कारण तिच्या नोंदीनुसार तेथे बालक नाहीच.